ओवलेले पुठ्ठे

"सुटे का ठेवलेत?"

मालकांनी हे विचारलं तेव्हा माझी भाकरी तव्यावर करपली. जगन्नाथ गेल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. तेही माझ्याशी नव्हेत, सुनेशी.

कुमुद माजघरात जमिनीवर बसली होती. पुढ्यात एक लांबट खोका, खोक्यात पिवळट कार्डं, उभी, एकाला एक लागून. प्रत्येकावर बारीक चौकोनी भोकं. एकेक काढायची, खिडकीच्या उजेडाकडं धरायची, परत जागेवर ठेवायची.

"काय म्हणालात, मामंजी?"

"पुठ्ठे गं. सुटे का ठेवलेत?"

"हे असेच असतात. एकामागून एक मशीनमध्ये जातात."

"आणि एखादा मागंपुढं झाला तर?"

"तर सगळंच चुकतं," कुमुद म्हणाली.

मालक खोक्याकडं बघत राहिले. मग पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "वाढ." रोज मी ताट पुढं ठेवायची आणि तसंच उचलायची. त्या दिवशी त्यांनी ताट पुसून खाल्लं. करपलेली भाकरीसुद्धा.

आमचं घर सोलापुरात, साळ्यांच्या गल्लीत. मागं पत्र्याची शेड, शेडमध्ये चार माग, चादरींचे. चादरीवर मोर असतो, कमळ असतं, ते काही कुणी हातानं काढत नाही. मागाच्या डोक्यावर जकाट बसवलेलं असतं. ते पुठ्ठ्यावरची भोकं चाचपतं. भोक असेल तिथला धागा वर उचलायचा, नसेल तिथला खाली सोडायचा. एका मोराला शेकड्यांनी पुठ्ठे लागतात, आणि ते दोरीनं एकमेकांना ओवून त्यांची माळ करावी लागते. आमचे मालक ह्या ओवण्यात नावाजलेले. लांबलांबचे कारखानदार पुठ्ठे घेऊन दारात बसायचे. मालक कारागिरांना सांगायचे, "सुटा पुठ्ठा म्हणजे मोराच्या मानेवर कमळ."

माझं नाव भागीरथी दिवटे. शाळा तिसरीपर्यंत. डाव्या हातानं पाटी लिहिते म्हणून मास्तरांनी त्या हातावर छडी मारली, मी छडी हिसकून खिडकीबाहेर भिरकावली, आणि शाळा संपली. हात अजून डावाच आहे. सासरी आल्यावर सासूनंही खटपट करून पाहिली. सासू गेली, हात राहिला.

जगन्नाथ आमचा एकुलता. कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले उतरेल, ती उतरली नाही. एवढंच. ज्यांना जास्त ऐकायचं असेल त्यांनी आमच्या तानूवन्संना विचारावं. मालकांची बहीण, गल्लीतच दिलेली. त्यांना सगळं पाठ होतं. कधी उलटी झाली, कधी डोळे फिरवले, येईल त्याला सांगायच्या आणि पदर डोळ्याला लावायच्या. मी रडले नाही. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. आलंच नाही. पिठात हात घातला तरी पीठ लागत नव्हतं हाताला, तसं काहीतरी झालं होतं. माग बंद होते. माग चालायचे तेव्हा फळीवरची भांडी दिवसभर किणकिणायची, मला त्याचा राग यायचा. आता सगळी भांडी गप्प. मी त्यांच्याकडं बघत बसायची.

मालक मला 'जगूची आई' म्हणून हाक मारायचे. आता ते कशानंच हाक मारत नव्हते.

सून एम.एस्सी. झालेली आणली ती जगन्नाथच्या हट्टानं. लग्नानंतर तिनं पुढचा अभ्यास धरला. एकदा मी विचारलं, करतीस तरी काय गं दिवसभर? म्हणाली, "बारक्या रेणूंच्या फिरण्याची आणि थरथरण्याची ऊर्जा मोजते." मी म्हटलं, "डोळ्याला दिसत नाही त्याचं थरथरणं मोजतीस, आणि दूध उतू जातंय ते दिसत नाही तुला." जगन्नाथ हसून हसून खाली बसला होता. तिचा तो खोका सायकलला बांधून तोच स्टेशनवर पोचवायचा. पावसाळ्यात स्वतः भिजायचा, खोक्याला मेणकापड.

पुण्यात एका संस्थेत तेव्हा मोठा कॉम्प्युटर होता, खोलीएवढा. त्याला गणित घालायचं तर ही भोकांची कार्डंच द्यावी लागत. तिच्या भिडेसरांनी बऱ्याच खटपटी करून त्याच्यावर सोमवारची सकाळ तिच्यासाठी मिळवली होती. ती चुकली तर पुढची पाळी कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं. शिष्यवृत्ती महिनाअखेर संपत होती. मग तिचे वडील येऊन तिला बार्शीला घेऊन जाणार, अभ्यास गुंडाळून ठेवणार, हे तिच्या माहेरी ठरल्यातच जमा होतं. कुमुदनं मला एकदाच विचारलं, "आत्याबाई, मी सोमवारी जाऊ का?"

सव्वा महिना व्हायचा होता. तोवर नवरा गेलेली बाई उंबरा ओलांडत नाही, ही आमच्यातली रीत.

"बघू," मी म्हटलं. तिनं परत विचारलं नाही. कार्डं मात्र रोज तपासत राहिली.

मालक बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी बार्शीचे व्याही आले. माजघरात सतरंजी टाकली. तानूवन्सं येऊन बसल्याच. कुमुद भिंतीला टेकून बसली होती, आणि तिचे वडील तिच्या पुढच्या आयुष्याविषयी असं बोलत होते की जणू ती तिथं नाहीच. मी चहा दिला. मालकांचा कप घेऊन शेडकडं गेले.

शेडचं दार उघडं होतं. मालक चौकटीपुढं मांडी घालून बसले होते. ओवायची लाकडी चौकट, तिच्यावर खुंट्या, मेणकट दोरीचा गुंडा, आणि हातात आर. पुठ्ठा लावायचा, कडेला आर टोचायची, दोरी घ्यायची, गाठ. दुसरा पुठ्ठा. ते हात लाकडासारखे मांडीवर पडलेले बघायची सवय झाली होती मला. आता ते चालत होते. मान खाली, ओठ मिटलेले, जसे जगन्नाथच्या जन्माच्या आधीपासून चालत आले तसे.

चौकटीवर कुमुदची पिवळी कार्डं होती.

मी थांबवलं नाही. का थांबवू? मला वाटलं, कालच्या बोलण्यावरनं सुनेनंच सांगितलं असेल. आणि तसं वाटलं नसतं तरी थांबवलं नसतं. मी चहा शेजारी ठेवला आणि दारात उभी राहिले. चहावर साय धरली. माजघरातून व्याह्यांचा आवाज येत होता, बार्शीत कुणाची तरी शिवणाची शाळा आहे म्हणून.

दिवेलागणीला व्याही गेले आणि मालक माजघरात आले. दोन्ही हातांवर माळ, बाळ धरावं तशी. त्यांनी एक टोक कुमुदच्या हातात दिलं आणि दुसरं सोडलं. कार्डं सरसर उलगडत जमिनीपर्यंत गेली. एक तिरकं नाही, एक दाटलेलं नाही.

"आता मागंपुढं होणार नाही," मालक म्हणाले. "तुझ्या मास्तरांना सांग, सोलापूरचं काम आहे."

कुमुदनं एका कार्डाच्या कडेवरून बोट फिरवलं. आरेनं पाडलेल्या भोकात तिचं नख अडकलं. मी तिचं तोंड बघत होते. त्यावर काही आलं नाही.

"किती सरळ ओवलंत, मामंजी," ती म्हणाली. माळेची घडी घातली, खोक्यात ठेवली, आणि स्वयंपाकघरात येऊन चुलीपुढं बसली.

मी मागोमाग गेले. "काय झालं?"

"आत्याबाई, मशीन भोकं वाचतं."

"मग?"

"मामंजींनी पाडलेलीसुद्धा वाचेल."

मी खाली बसले.

"आणि दोरीसकट आत जाणार नाही. दोरी काढली तरी कडा फाटलेल्या. आतच अडकतील."

"मग सांग की जाऊन त्यांना."

"मी नाही सांगणार."

"मी सांगते. माझ्या तोंडाला हाड नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे."

तिनं माझं मनगट धरलं. सून म्हणून आल्यापासून तिनं मला कधी असं धरलं नव्हतं. "नका, आत्याबाई. काल जेवले ते."

चुलीत लाकूड फुटलं. मी विचारलं, "नवी करता येतात का?"

"पुण्याला भोकं पाडायचं मशीन आहे. जुनं कार्ड लावलं की त्यावरून नव्यावर उतरवतं. मामंजींच्या भोकांची जागा तेवढी हातानं मारावी लागेल. पूर्ण रविवार लागेल. कुणी तरी ओळीनं सोडवून द्यायला पाहिजे." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला जायला मिळालं पाहिजे."

तेवढ्यात मालक दारात आले. "सोमवारी मी पण येणार," म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडं बघत राहिलो. माझ्या लक्षात यायला हवं होतं. नवी माळ मागावर पहिल्यांदा चढते तेव्हा ओवणारा तिथं हजर लागतो. नारळ फोडतो, आणि पहिली नक्षी पुरी उतरेपर्यंत हलत नाही. कुठल्याही कारखान्यात हीच रीत. मालकांनी ती कधी चुकवली नव्हती. माझ्या बाळंतपणातसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी मी वळकट्या बांधायला घेतल्या, तर तानूवन्सं हजर. त्यांना वास येतो.

"वहिनी, हे काय ऐकते मी? सव्वा महिना नाही झाला आणि पोरगी उंबरा ओलांडती?"

"उंबरा माझ्या घरचा आहे, वन्सं. कुणी कधी ओलांडायचा ते मी ठरवते. तुमचा उंबरा आधी झाडून घ्या, कालपासून शेण पडलंय त्याच्यावर."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांपर्यंत पोचवायला तुम्ही आहातच. व्यवस्थित पोचवा. भाऊ आणि भावजयसुद्धा बरोबर गेले म्हणून सांगा, अर्धवट सांगू नका."

वन्संनी पदर डोळ्याला लावला. "दगड आहेस तू. पोटचा गेला, टिपूस काढला नाहीस."

"दगडच बरा," मी म्हटलं. "बुडतो तरी. तुमच्यासारखा तरंगत नाही."

आणि कुमुदला हाक मारली, "चल गं, गाडी चुकेल." वन्संचं ते बोलणं लागलं असतं एरवी मला. तेव्हा नाही लागलं.

पुण्यात माझी मावसबहीण राहायची, रास्ता पेठेत. मालकांना तिच्याकडं ठेवलं. कॉम्प्युटर सोमवारीच उघडतो म्हणून सांगितलं, ते खरंच होतं. रविवारी सकाळी, सरांना भेटून येतो म्हणून, खोका घेऊन आम्ही दोघी निघालो.

संस्थेत शुकशुकाट. भिडेसरांच्या चिठ्ठीवरून किल्ली घेऊन लिमये नावाचे गृहस्थ आले. यंत्रं सांभाळायचं काम त्यांच्याकडं. सुटीचा दिवस मोडला म्हणून तोंड वाकडं. त्यांनी खोक्यात बघितलं आणि हसायला लागले.

"ही काय माळ? कुणाला हार घालायचाय का?"

"तुम्हालाच आणला होता," मी म्हटलं. "पण मान बघून विचार बदलला."

त्यांनी हसू आवरलं. "बाई, ही कार्डं आत घातली तर मशीनची वाट लागेल."

"म्हणून तर नवी करायला आलोय. तुम्ही दिवा लावा आणि बाजूला बसा."

ते भोकं पाडायचं मशीन टेबलाएवढं होतं, पुढं अक्षरांच्या कळा. कुमुदनं पहिलं कार्ड लावलं आणि कळ दाबली. खट खट खट खट. मी जागच्या जागी उठून उभी राहिले. मागाचा आवाज. हुबेहूब नाही, बारका, पण मागाचाच. घरात तो बंद झाल्यापासून मी ऐकला नव्हता.

"आत्याबाई?"

"काही नाही. चालव तू."

मी मालकांची पहिली गाठ सोडवली. कात्री लावली नाही. मेणकट दोरी नखानं ढिली करत, वळसा उलटा काढत. लग्न झाल्यापासून मी ह्या गाठी बघत आले. डोळे मिटून सांगेन. एक कार्ड सोडवून तिच्या हातात, ते यंत्रात, खटखट, जुनं माझ्याकडं परत, नवं खोक्यात. एखाद्या कार्डावर आर आकड्यावरच बसली होती, तिथं ती थांबून, वहीत बघून, स्वतः अक्षर मारायची. ऊन खिडकीतून सरकत जमिनीवर आलं.

दुपारी कधी तरी मीच विचारलं, "ह्या एवढ्या सगळ्यात आहे तरी काय?"

"वाफेतला पाण्याचा एक कण. एक मोठा अणू, दोन बारके."

"एका कणाला एवढे पुठ्ठे?"

"तो गप्प नसतो ना. स्वतःभोवती फिरतो. आणि फिरता फिरता थरथरतो. जोरात फिरला की ताणला जातो, ताणला गेला की फिरणं बदलतं. राहाटावर कांडी फिरते आणि फिरताना हलते, तसं. दोन्ही वेगवेगळं मोजता येत नाही, म्हणून एवढे पुठ्ठे."

तीही पुठ्ठे म्हणाली.

"मग मोजतीस काय? किती हलतो ते?"

"किती जोर असतो त्याच्यात ते. तो कितीही नसतो, ठरलेलाच असतो. जिन्यासारखा. ह्या पायरीवर, नाहीतर त्या पायरीवर. मध्ये कुणाला उभं राहता येत नाही. मी पायऱ्यांची उंची काढते."

खटखट. मी पुढची गाठ सोडवली. "आणि अगदी खालच्या पायरीवर? तिथं तरी गप्प बसत असेल."

"फिरायचा थांबतो," कुमुद म्हणाली. "थरथर राहते."

"गार केला तर?"

"कितीही गार केला तरी. ती काढूनच घेता येत नाही."

"कुणी सांगितलं?"

"गणितच सांगतं, आत्याबाई."

"तुझ्या गणितानं आमचं घर नाही बघितलं," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. पुढच्या कार्डासाठी हात पुढं केला.

शेवटचं कार्ड झालं तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. नवी कार्डं खोक्यात, सुटी. जुनी माझ्या ओच्यात. मी पायरीवर जाऊन बसले, मालकांची दोरी घेतली आणि त्यांच्याच भोकांतून त्यांचीच कार्डं परत ओवायला लागले. चौकट नव्हती, गुडघ्यावर ताणून धरत होते. कुमुद शेजारी येऊन एकेक देऊ लागली. लिमये आतून दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात आमच्यासाठी चहा होता.

"कशासाठी हे?" त्यांनी हळू विचारलं.

"उद्या ह्या पुठ्ठ्यांचा कारागीर येणार आहे," मी म्हटलं. "त्याला त्याची माळ दिसली पाहिजे. आणि उद्या तुम्ही हसला तर—"

"नाही हसणार," लिमये म्हणाले.

सोमवारी मालक आंघोळ करून, काळा कोट घालून, टोपी नीट बसवून निघाले. पिशवीत नारळ. संस्थेच्या पायऱ्यांवर त्यांनी खोका उघडायला लावला. नवी कार्डं कुमुदच्या पिशवीत, कापडाखाली. खोक्यात माळ.

त्यांनी माळ डाव्या हातावर घेतली आणि उजवा अंगठा कडेवरून फिरवायला लागले. चढवायच्या आधी ते नेहमी असंच बघायचे. अंगठा सरकत गेला, सरकत गेला, आणि थांबला. त्यांनी एक गाठ उजेडाकडं धरली. मग तिच्याखालची. मी समोरच्या झाडाकडं बघायला लागले. कुमुदच्या तोंडावरचा रंग गेला होता. लिमये दारात उभे होते, हात बांधून.

मालकांनी माळेची घडी घातली. दोन्ही हातांनी कुमुदच्या हातात दिली.

"चढव," म्हणाले.

आणि पायरीवर नारळ फोडला. लिमयांनी खोबरं दोन्ही हात पुढं करून घेतलं.

आत आम्हाला सोडत नव्हते. काचेतून दिसायचं. कपाटासारखी यंत्रं, गार हवा इतकी की काचेला हात लावला की पोळल्यासारखं व्हायचं. कुमुद आमच्याकडं पाठ करून उभी राहिली, तिच्या पाठीआड काय चाललंय ते दिसेना. मग एक लांब खडखडाट झाला, कार्डं गिळल्याचा. मालक काचेपासून हलले नाहीत. बसायला खुर्ची दिली, बसले नाहीत. पहिली नक्षी उतरेपर्यंत ओवणारा बसत नाही.

बऱ्याच वेळानं दुसऱ्या कपाटातून कागद यायला लागला. रुंद, घड्या पडत, थांबेचना. कुमुद तो पोटाशी धरून बाहेर आली.

"नक्षी उतरली?" मालकांनी विचारलं.

"उतरली, मामंजी."

"कुठंय?"

तिनं कागद उलगडला. सगळे आकडे. वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही सगळ्यात खालची पायरी."

मी वाकून बघितलं. तिसरीपर्यंतचे आकडे मला येतात. "हे शून्य नाही," मी म्हटलं.

"नाही," कुमुद म्हणाली. "शून्य नाही."

माळ लिमयांनी ठेवून घेतली. ती इथंच राहू दे म्हणाले. मालक त्यावर मान हलवून हो म्हणाले. माळ मागावरच राहते, ओवणारा घरी जातो.

त्या कागदांवरून पुढं कुमुदचा प्रबंध झाला. बार्शीला ती गेली नाही. आता तिच्या हाताखाली पोरं शिकतात, आणि ती पोरं कधी आमच्याकडं आली तर मी त्यांना विचारते, तुमच्या बाईंना आता तरी दूध उतू गेलेलं दिसतं का. पण ते सगळं मागाहून.

त्या दिवशी आम्ही दुपारच्या एस.टी.नं परत निघालो. कुमुद खिडकीशी, मांडीवर कागदांचा गठ्ठा. मी मध्ये, मालक कडेला. रस्ता खडबडीत, सगळी गाडी खुळखुळ्यासारखी वाजत होती. भिगवणच्या आधीच कुमुद झोपली. जगन्नाथला कावीळ झाल्यापासून ती नीट झोपलेली मी बघितली नव्हती. डोकं माझ्या खांद्यावर आलं, मी हात तिच्या पाठीमागून घेऊन तिला धरलं, गठ्ठा घसरू नये म्हणून.

"जगूची आई," मालक म्हणाले.

मी समोरच बघत राहिले. कंडक्टरच्या सीटमागं कुणाच्या तरी ट्रंकेचं कुलूप हलत होतं.

"हं."

"गाठी डाव्या हाताच्या होत्या."

मी कुमुदच्या मांडीवरचा गठ्ठा सावरला.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे माझी भोकं चुकली."

"भोकं सरळ होती," मी म्हटलं. "मशीन वेगळं होतं."

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग माझ्यापलीकडं झोपलेल्या कुमुदकडं बघून म्हणाले, "मला कळलं म्हणून पोरीला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही नाही. तिला अजून वाटतं, आपण त्यांना पत्ता लागू दिला नाही.

माझ्या हाताखाली तिची पाठ सारखी थरथरत होती. मला वाटलं, गाडी हलतेय. मग वाटलं, झोपेत रडतेय बहुतेक. रडू दे म्हटलं.

इंदापूरला गाडी चहाला थांबली. चाकं थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो उतरला. माणसं उतरली. ट्रंकेचं कुलूप लोंबत गप्प झालं. मी वाकून कुमुदकडं बघितलं. ती गाढ झोपली होती, डोळे कोरडे, श्वास संथ. पाठ भिंतीसारखी स्थिर.

थरथर माझ्या हाताची होती. डाव्या.

"चहा आणू?" मालकांनी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि हात तिथंच राहू दिला.